शस्त्र खालीं ठेवल्यानंतर

सन १७९४ च्या आक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकांत हिंदुस्थानासंबंधीं एक पत्र छापून आलें. पत्राखालीं लेखकाचें पूर्ण नांव नाहीं, ‘बी. एल्.’ एवढींच दोन आद्याक्षरें आहेत. पत्राबरोबर एका माणसाचें चित्र आहे. हा माणूस इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. त्याचें नांव ‘कावसजी’ असें दिलें असलें तरी तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचें पत्रांत स्पष्ट म्हटलें आहे. सन १७९२ च्या मोहिमेंत तो टिपूच्या हातीं सांपडला. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडला. आणि अशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. सुमारें एक वर्ष तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें, म्हणजे बहुधा कुंभारानें, त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनीं हें शस्त्रकर्म होतांना स्वतः पाहिलें होतें.

मराठी भाषेंत नाक हा केवळ श्वास घेण्याचा अवयव नाहीं. नाक वर असणें, नाक घासणें, नाक कापणें, या सर्व बोलण्यांत नाक म्हणजे अब्रू. शिक्षा म्हणून किंवा सूड म्हणून नाक कापण्याची क्रूर चाल आपल्या देशांत दीर्घकाल टिकली, ती याच समजुतीमुळें. आणि ती टिकली म्हणून नाक जोडणाऱ्यांचें कसबहि टिकलें. त्या बैल हांकणाऱ्या गरीब माणसाला कुंभारानें जें परत दिलें, त्याची किंमत आपल्यासारख्या मराठी वाचकांना निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

या कथेचा आपल्याकडे पुष्कळ गौरव झाला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु गौरव करणारे बहुधा कातडी कापून वळविण्याच्या वर्णनापाशीं थांबतात. पत्र तेथें थांबत नाहीं. शस्त्र खालीं ठेवल्यानंतर कुंभारानें काय केलें, हेंहि त्यांत थोडक्यांत सांगितलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तीं शेवटचीं चार वाक्यें आहेत. कारण चेहऱ्यावरील शस्त्रकर्माचें खरें भवितव्य पुष्कळ अंशीं त्या चार वाक्यांच्या प्रदेशांतच ठरतें.

याचें कारण असें कीं चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा विपुल असतो आणि डोळ्यांभोंवतालची कातडी पातळ व सैल असते. येथें शस्त्र लागलें कीं सूज आलीच. ती दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक असते. डोळे मिटून जातात, गाल ताठतात, आणि आरशांत पाहणाऱ्याला आपली ओळख पटत नाहीं. ही सूज नुसती विद्रूप दिसते एवढेंच असतें तर चिंता नव्हती. ती बेताबाहेर गेली तर जोडलेल्या कडांवर ताण पडतो, टांके कातडींत रुततात आणि बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नवीन जागीं आणून बसविलेल्या कातडीचा सारा जीव एका अरुंद पट्टीतून येणाऱ्या रक्तावर अवलंबून असतो. तिला असा दाब सोसवत नाहीं. शस्त्रवैद्याचें काम तासाभरांत संपतें. तें टिकलें कीं नाहीं, हें पुढच्या कांहीं आठवड्यांत कळतें.

आतां कुंभाराची रीत पाहूं. जोड बसविल्यावर त्यानें काथ पाण्यांत कालवून मऊ केला, कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पांचसहा पट्ट्या एकीवर एक बसविल्या. चार दिवस या लेपाशिवाय दुसरें कांहीं नाहीं. मग पट्ट्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवावयाचीं. रोग्याला पांचसहा दिवस उताणें निजवून ठेवावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या पुरेशा उघड्या राहाव्या म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालावयाचे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळ व नाक यांना जोडणारी कातडीची पट्टी कापून नाकाला आणखी थोडा आकार द्यावयाचा.

विड्यांतला काथ येथें कशाला, असें वाचकांस वाटेल. काथ तुरट आहे. त्यांतील तुरट द्रव्य ओल्या जखमेचा पृष्ठभाग आंखडून धरतें व पाझर कमी करतें. शिवाय तो वाळला कीं घट्ट होतो. पांचसहा पट्ट्यांचा वाळलेला थर म्हणजे एक हलकें कवचच; त्यानें जोड हालत नाहीं आणि खालच्या मांसाला सौम्य, सारखा दाब मिळून सुजेला मोकळें रान राहत नाहीं. आजचा शस्त्रवैद्य नाकावरील शस्त्रकर्मानंतर चिकट पट्ट्या लावून वर सुमारें आठवडाभर घट्ट कवच बसवितो, त्यांतील हेतु हाच. नाकपुड्यांत कापड घालण्यासाठीं कुंभार दहा दिवस थांबतो, याचाहि अर्थ लागतो. सुजलेल्या, नुकत्याच चिकटूं लागलेल्या कातडीला आंतून रेटलें तर ती सुटेल किंवा मरेल. सूज उतरूं लागल्यावर तोच दाब उपकारक होतो. त्यानें हा विचार आपल्या मनाशीं कोणत्या शब्दांत केला असेल, तें पत्रांत नाहीं. पण त्याच्या हाताला तो ठाऊक होता. रोग्याला सपाट उताणें ठेवण्याच्या बाबतींत मात्र आजचे वैद्य त्याच्याशीं सहमत होणार नाहींत. तोंड वर करून निजवावें हें त्यांना मान्य आहे. पण डोकें उशांवर उंच ठेवावें, म्हणजे साचलेला द्रव खालीं उतरण्यास मदत होते, असें ते सांगतात.

हा कुंभार सुश्रुतसंहिता वाचून शिकला होता काय? तसें म्हणण्यास आधार नाहीं. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत नाक जोडण्याचा जो विधि आहे, त्यांत झाडाचें पान नाकाच्या मापानें कापून त्याबरहुकूम गालाची कातडी घ्यावयास सांगितली आहे. कुंभारानें ती कपाळाची घेतली आणि मापासाठीं मेणाचा पातळ पत्रा वापरला. पश्चात्कर्माच्या बाबतींतहि दोघांचे मार्ग वेगळे आहेत. सुश्रुत नाकपुड्यांत दोन नळ्या प्रथमच बसवितो. पतंगाचें लांकूड, ज्येष्ठमध आणि अंजन यांची पूड जोडावर भुरभुरवितो. वर पांढरा कापूस ठेवून तो तिळाच्या तेलानें वरचेवर भिजवावयास सांगतो. आणि रोग्याला पचनशक्ति पाहून तूप पाजावें व मग रेचक द्यावें, असें म्हणतो. तपशील भिन्न, पण दृष्टि एकच: जोड झांकलेला असावा, मऊ राहावा, श्वासाची वाट मोकळी असावी, आणि शस्त्रकर्मानंतरचा मनुष्य हा अजून रोगी आहे, हें वैद्यानें विसरूं नये.

सुश्रुताची खरी थोरवी मला त्याच्या पुढच्याच, म्हणजे सतराव्या अध्यायांत दिसते. तेथें सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. कच्ची सूज थोडी उष्ण, कातडीच्याच रंगाची, कठीण. पिकूं लागलेली सूज ठणकणारी, रंग बदललेली, ज्वर व तहान आणणारी. पिकलेली सूज मऊ, सुरकुतलेली, बोटानें दाबली असतां खळगा पडणारी. कच्ची सूज जो अज्ञानानें फोडतो आणि पिकलेल्या सुजेची जो उपेक्षा करतो, त्या दोघांचीहि ग्रंथकारानें अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली आहे. म्हणजे सूज ही एकच वस्तु नसून तिला काळ आहे, आणि त्या काळाप्रमाणें उपाय बदलला पाहिजे, हें तत्त्व येथें निःसंदिग्धपणें मांडलें आहे. त्याला धरूनच सात उपक्रम क्रमानें येतात: हळूहळू चोळून सूज जिरविणें, रक्त काढणें, पोटीस बांधणें, शस्त्रानें फोडणें, जखम शुद्ध करणें, ती भरून आणणें, आणि सातवा ‘वैकृतापह’, म्हणजे मागें राहिलेली विद्रूपता घालविणें. जखम भरली म्हणजे वैद्याचें कर्तव्य संपलें, असें ज्याला वाटत नाहीं, त्यालाच हा सातवा उपक्रम सुचतो.

आणखी दोन अध्यायांनंतर जखमी मनुष्यानें कसें राहावें याचें वर्णन आहे. त्याची खोली स्वच्छ व वाऱ्याच्या झोतापासून दूर असावी. गोड बोलणाऱ्या मित्रांनीं जवळ बसून गोष्टी सांगाव्या. आणि त्यानें दिवसां झोंपूं नये, कारण दिवसाच्या झोंपेनें जखमेला कंड, सूज, वेदना, लाली व स्राव वाढतो. यांतील प्रत्येक विधान आजच्या कसोटीस उतरेल असें नाहीं. परंतु सूज, वेदना व लाली हीं तीन लक्षणें येथें एकत्र गुंफलेलीं पाहून युरोपीय वैद्यकाच्या अभ्यासकास सेल्ससची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं.

सेल्सस हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार. लाली, सूज, उष्णता आणि वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें त्यानें नमूद केलीं, आणि तीं आजहि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावीं लागतात. लक्षणें बरोबर ओळखलीं. उपायांत मात्र युरोप शतकानुशतकें चुकला. दाह म्हणजे रक्ताचा अतिरेक, म्हणून रक्त काढा, अशी समजूत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्समध्यें या मतानें कळस गांठला. सन १८३३ या एका वर्षांत त्या देशानें चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणविल्या.

या समजुतीला पहिला मोठा छेद देणारा ग्रंथ सन १७९४ मध्येंच प्रसिद्ध झाला, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. ज्या वर्षीं पुण्याच्या कुंभाराची हकीकत लंडनांत छापली गेली, त्याच वर्षीं त्याच शहरांत जॉन हंटर याचा रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ बाहेर पडला. हंटर आदल्या वर्षीं, १७९३ मध्यें वारला होता. त्याचें मुख्य म्हणणें असें कीं दाह हा स्वतः रोग नाहीं. इजा झाल्यावर शरीरानें आरंभिलेला तो दुरुस्तीचा उद्योग आहे. त्यानें दाहाचे प्रकार पाडले: एकानें जखमेच्या कडा चिकटतात, दुसऱ्यानें पू होतो, तिसऱ्यानें मांस झडतें. पहिला प्रकार वैद्याचा मित्र. कुंभाराच्या पट्ट्यांखालीं चार दिवसांत जें घडत होतें, तें हेंच चिकटणें. एकाच्या हातांत क्रिया होती आणि दुसऱ्याच्या लेखणींत तिचा अर्थ होता. दोघांना एकमेकांचें नांवहि ठाऊक नव्हतें.

तें पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें प्रथम प्रेतांवर हात बसविला आणि सन १८१४ मध्यें चेल्सी येथें एका लष्करी अधिकाऱ्यावर हें शस्त्रकर्म केलें. पुढें त्यानें दुसरें केलें तें अल्बुएराच्या लढाईंत जखमी झालेल्या अधिकाऱ्यावर. सन १८१६ मध्यें दोन्ही रोग्यांची हकीकत त्यानें पुस्तकरूपानें छापली. तें पुस्तक जर्मनींत गेलें. तेथें ग्रेफे व त्याच्यामागून डीफेनबाख यांनीं ही विद्या वाढविली. डीफेनबाखच्या ध्यानांत आलें कीं कित्येकदां नवें नाक फिकट पडून मरत नाहीं, तर निळें पडून, फुगून मरतें. म्हणजे रक्त आंत येतें, पण बाहेर जाण्याची वाट अपुरी पडते. अशा नाकाला त्यानें जळवा लावल्या. जळूचा उपयोग जुना होता; येथें तो प्रथमच योग्य कारणासाठीं होऊं लागला.

सुजेचें रहस्य त्यानंतर हळूहळू उलगडत गेलें. सन १८६७ हें वर्ष या दृष्टीनें महत्त्वाचें. त्या वर्षीं लिस्टरनें जंतुनाशक पद्धतीवरील आपले लेख प्रसिद्ध केले, आणि साध्या सुजेची पुवाशीं असलेली जुनी जोडी फुटली. त्याच वर्षीं जर्मनींत कोनहाइम यानें सूक्ष्मदर्शकाखालीं जिवंत बेडकाच्या पातळ पडद्यांत दाह होतांना पाहिला: वाहिन्या रुंदावतात, रक्ताचा वेग मंदावतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात आणि तिच्यांतून बाहेर पडतात. सन १८९६ मध्यें स्टार्लिंग यानें वाहिन्यांतील दाब व रक्तांतील प्रथिनांचें आकर्षण यांच्या तोलावर द्रवाची ये-जा अवलंबून असते, हें दाखविलें. सेल्ससच्या लाली, उष्णता व सूज या तीन लक्षणांमागील यंत्र अठराशें वर्षांनीं अशा रीतीनें डोळ्यांना दिसलें.

तरीहि ज्ञान असणें आणि धीर असणें या दोन गोष्टी निराळ्या. पहिल्या महायुद्धांत चेहरे फुटलेल्या हजारों सैनिकांवर इंग्लंडांत हॅरोल्ड गिलीज यानें उपचार केले. सन १९१७ पासून सिडकप येथील रुग्णालय हें त्याचें मुख्य ठाणें होतें. सन १९१८ च्या आरंभीं विमान-अपघातांत संपूर्ण चेहरा जळालेला एक तरुण अधिकारी त्याच्याकडे होता. गिलीजनें छातीवरील कातडीचा एक मोठा तुकडा एकाच वेळीं त्याच्या सबंध चेहऱ्यावर बसविला. तो भाग सुजला, दूषित झाला, सडला. आणि तो तरुण कांहीं आठवड्यांत मरण पावला. गिलीजनें ही गोष्ट लपविली नाहीं. इतकें मोठें काम एका बैठकींत करूं नये, टप्प्याटप्प्यानें करावें, हा धडा त्यानें आपल्या ग्रंथांत छापून ठेवला. आणि जें काम उद्यांवर टाकतां येतें तें आज करूं नये, असें तो पुढें शिष्यांना बजावीत असे. आपल्या अपयशाची नोंद करून ठेवणारा वैद्य पुढच्या किती रोग्यांना वांचवितो, याची गणती करतां येत नाहीं.

सन १९४८ मध्यें अमेरिकेंत हेंच व त्याचे सहकारी यांनीं संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिसोन देऊन पाहिलें, आणि दाहाला आवर घालणारें मोठें औषध हातीं आलें. १९५० मध्यें या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळालें. आज चेहऱ्याच्या शस्त्रकर्माच्या वेळीं त्याच वर्गांतील औषध अल्प प्रमाणांत दिलें असतां पहिल्या कांहीं दिवसांची सूज व काळेनिळेपणा कमी होतो. परंतु तेंच दीर्घकाल दिलें तर जखम भरून येण्यास अडथळा होतो. हंटरचें म्हणणें येथें खरें ठरतें: दाह अजिबात मारला तर दुरुस्तीहि थांबते. बाकीचे उपाय साधेच आहेत. डोकें उंच ठेवणें. पहिले दोन दिवस कापडांत गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ गालांना व डोळ्यांना लावणें, मात्र वळवून आणलेल्या कातडीला तो न लावणें, कारण थंडीनें तिचें रक्त आंखडेल. वांकणें व ओझीं उचलणें टाळणें. वेदनेसाठीं अस्पिरिन न घेणें, कारण त्यानें रक्तस्राव वाढतो. एकाच बाजूची सूज अकस्मात् वाढून ताठली, किंवा लालीबरोबर ताप आला, तर मात्र क्षणाचाहि विलंब न करतां वैद्याला दाखवावें. पहिलींत आंत रक्त सांचलेलें असतें, दुसरींत जंतु शिरलेले असतात. सुजेच्या अवस्था ओळखून वागावें हा सुश्रुताचा उपदेश या नव्या वेषांत अजून चालू आहे. जळवाहि परत आल्या: सन १९८५ मध्यें बोस्टन येथें एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडल्यावर तो निळा पडूं लागला, तेव्हां जळवा लावून तो वांचविण्यांत आला, आणि २००४ मध्यें अमेरिकेच्या सरकारी औषध-नियंत्रण खात्यानें त्यांच्या वापरास रीतसर संमति दिली.

हा सर्व इतिहास पाहिल्यावर माझ्या मनांत अभिमानाबरोबर एक खंतहि राहते. पुण्यांत त्या काळीं विद्वानांची वाण नव्हती. परंतु संहिता ज्यांच्या घरीं होती त्यांचे हात रक्तामांसापासून दूर राहिले, आणि ज्याचे हात त्यांत निष्णात होते त्याची हकीकत लिहून ठेवावी असें आपल्यांतील कोणाला वाटलें नाहीं. काथाच्या पट्ट्या चारच दिवस कां, कोणत्या रोग्याचें नाक फुगून निळें पडलें, कोणाचें गळून गेलें, हे त्याचे अनुभव त्याच्याबरोबर गेले. जें उरलें तें एका परक्या पत्रलेखकाच्या चार वाक्यांत. त्यांतहि बैल हांकणाऱ्याचें नांव आलें, दोन इंग्रज डॉक्टरांचीं आलीं, पण ज्यानें नाक केलें त्याचें नाहीं. विद्या हरवते ती केवळ परचक्रानें नव्हे. हात आणि ग्रंथ यांची गांठ पडली नाहीं म्हणजेहि ती हरवते.

शेवटीं पुन्हां त्या चित्राकडे वळूं. जेम्स वेल्स या चित्रकारानें तें जानेवारी १७९४ मध्यें काढलें, म्हणजे शस्त्रकर्मानंतर सुमारें दहा महिन्यांनीं. आजचा शस्त्रवैद्यहि रोग्याला सांगतो कीं बरीचशी सूज दोनतीन आठवड्यांत जाईल, पण नाकाचें खरें रूप दिसावयास जवळजवळ वर्ष लागेल. दुसऱ्यातिसऱ्या दिवशींच चित्र काढलें असतें तर लंडनच्या वाचकांना एक सुजलेला, विद्रूप चेहरा दिसला असता, आणि कार्प्यूनें कदाचित् शस्त्र हातीं घेतलें नसतें. चित्रांतला चेहरा शांत आहे, नाक बसलें आहे, कपाळावर त्याचा व्रण आहे. त्या चेहऱ्यांत कुंभाराच्या शस्त्राइतकाच त्या दहा महिन्यांचाहि हात आहे.